उभ्यानं रोवणी

आईला मी टेपनं मोजलं, तेव्हा ती तांदूळ पाखडून नुकतीच उठली होती. सूप हातातच होतं. सरळ उभी राहा आणि एक हात कोपरात वाकव, असं मी तिला सांगितलं. तिनं सूप काखेत धरलं आणि हात वाकवला. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मी वहीत लिहिलं आणि त्यातून चार इंच वजा केले.

"काय शिवून राहिली वो? ब्लाउज?"

"टेबल."

"टेबलाले कायले पायजे माह्या कोपराचं माप?"

मी म्हटलं, "असंच."

खरं तर ते टेबल तिच्यासाठीच होतं आणि ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझं हे जुनं आहे. मनात पूर्ण वाक्य तयार असतं, आणि तोंडातून निघताना त्याचं "असंच" होतं.

आई रोवणीला जायची. आमच्या करडी गावाकडे पावसाळ्यात धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, लावतात. बारा-पंधरा बाया एका ओळीत कमरेतून वाकतात आणि लावत लावत मागे सरकत जातात. आईची जागा ओळीच्या टोकाला असे. टोकाच्या बाईनं वेग धरला की बाकीच्यांना तो धरावाच लागतो, म्हणून तिथे हात चालणारीच बाई लागते. मी लहान असताना लोक मला दुसऱ्यांच्या बांध्या दाखवून सांगायचे, ही ओळ तुझ्या आईची. मला सगळ्या ओळी सारख्याच दिसायच्या.

मग तिला शुगर निघाली. आधी तळपायांना मुंग्या यायच्या, नंतर मुंग्याही बंद झाल्या. त्या पावसाळ्यात बाभळीचा काटा रुतला, तो तिला तीन दिवस कळला नाही. जखम भरता भरता दिवाळी उलटली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिच्या तळव्याला पेन टेकवून विचारलं, "कळतं का?" ती म्हणाली, "कळते." तिचे डोळे उघडे होते. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून पुन्हा विचारलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. पेन टेकलेलंच होतं.

"अनवाणी चालायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि चिखलात पाय घालायचा नाही. पुढची जखम भरेलच असं नाही."

परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. मोहाडी आली तेव्हा म्हणाली, "मंग पाण्या-पावसाच्या दिवसात मी काय करू? टोपल्याखाली झाकून ठेवजा मले."

मला या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्याच्या आत द्यायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

नागपूरच्या बाहेर एका शेडमध्ये मी वर्षभर काम केलं होतं. तिथे मातीशिवाय, पाण्यावर भाजी पिकवत. उंच स्टँडवर प्लास्टिकचे आडवे पाइप, पाइपांना भोकं, भोकांत जाळीचे छोटे पेले, पेल्यांत स्पंजच्या तुकड्यात रोप. खतं विरघळवलेलं पाणी टाकीतून पंपानं वर चढतं, मुळांना भिजवत पाइपांतून वाहतं आणि परत टाकीत येतं. तेच पाणी कितीतरी दिवस पुरतं. तण येत नाही, म्हणून तणनाशक नाही. शेडमध्ये पाहुणे आले की सर आम्हाला हे सगळं पाठ म्हणायला लावत. मी मागे उभी राहून पेले धुवायची. पण माझा त्यावर विश्वास होता. धानाला किती पाणी लागतं हे मी जन्मापासून बघत होते, आणि उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळही बघत होते. यातून पुढे काहीतरी होईल, असं मला खरोखर वाटायचं.

आणि मला एक गोष्ट दिसली होती, जी सर पाहुण्यांना कधी सांगत नसत. तिथे रोप लावताना कुणी वाकत नव्हतं. सगळं उभ्यानं, पायात चपला घालून.

नोकरी सोडून मी घरी आले. घरामागच्या वाडीत बाबांनी बांबू रोवून हिरवी जाळी ताणून दिली. ते तुमसरला राइस मिलमध्ये मशीनवर आहेत, सकाळी सहाला निघतात. मोहाडीच्या वेल्डरनं स्टँड बनवून दिला, आईच्या कोपरापेक्षा चार इंच खाली. सगळं बसवून झाल्यावर आई त्याच्यासमोर उभी राहिली, हात पाइपावर ठेवले आणि म्हणाली, "बरोबर हातात येते वो." मग माझ्याकडे बघितलं. माप कशासाठी घेतलं होतं ते तिला तेव्हा समजलं असावं. मी पंपाची वायर गुंडाळायला लागले.

आमच्या दोघींमध्ये कमी बोलणं का, याचं कारण माझ्या शाळेत आहे असं मला पूर्वी वाटायचं. मी तुमसरच्या इंग्रजी शाळेत व्हॅननं जायची. गावातून आम्ही दोघीच मुली. घरीही इंग्रजीत बोला, असं शाळेतून सांगितलेलं. घरी इंग्रजीत बोलायला कुणी नव्हतं, आणि आमची बोली बोलले की शाळेत हसायचे. मग मी दोन्हीकडे कमी बोलायला लागले. त्या शाळेमुळे आई "मम्मी" झाली, तेही तिनं चालवून घेतलं. शेजारणींना ती सांगायची, "आमच्या पोरीले मराठी येते, पण ते वापरत नाही. पाहुण्यांसाठी ठेवली हाय." बाया हसायच्या, मीही हसायची. पण सगळा दोष शाळेला देता येत नाही. त्याच व्हॅनमधली दुसरी मुलगी दिवसभर बडबड करायची.

हिवाळ्यात पहिलं पीक आलं. लेट्यूस, थोडी पालक, थोडी तुळशीसारखी दिसणारी विलायती बेसिल. नागपूरच्या एका हॉटेलात आणि भंडाऱ्याच्या दोन घरांत ते जाऊ लागलं. आईनं त्यातला एक गड्डा कुडापलीकडच्या मावशीला दिला. मावशी म्हणजे रोवणीच्या गटाची म्होरकी, आईची पंचवीस वर्षांची मैत्रीण. तिनं तो तुरीच्या डाळीत शिजवला.

दुसऱ्या दिवशी कुडावरून म्हणाली, "बाई, तुह्या पोरीची भाजी गंजात टाकली अन् गायबच झाली. नुसतं पाणी. डाळही पातळ करून गेली."

"ते कच्ची खाते म्हणते," आई म्हणाली.

"कच्ची तं बकरी खाते."

मग मावशी आत येऊन पाइपांभोवती फिरली. मुळं बघायला एक पेला उचलून बघितला. "मातीबिगर हे उभं कायच्या भरोशावर हाय? सलाईनवर?" ती म्हणाली. "पेशंट हायेत वो हे सगळे."

आई हसली, पण तिनं पेला मावशीच्या हातून घेऊन अलगद परत बसवला. तो तिनं कसा बसवला, ते मला आठवतं. मुळं आधी बोटांनी सरळ केली, मग सोडलं.

ती रोज यायला लागली. पेले धुवायची, पिवळी पानं खुडायची. "हे पाणी तेच तेच फिरते? मंग थकत नाही का ते?" असं विचारायची. मार्च संपता संपता ऊन चढलं आणि टाकीतलं पाणी गरम होऊन मुळं तपकिरी पडायला लागली. शेडमध्ये यासाठी पाणी थंड करायचं महागडं मशीन होतं. मी दोन दिवस फोनवर स्वस्त मशीन शोधत बसले. आई बाबांना म्हणाली, "माठ कसा थंडा ठेवते? आंगाले ओलं फडकं अन् बुड मातीत." बाबांनी एका रविवारी खड्डा खणून टाकी अर्धी जमिनीत उतरवली, वरून ओल्या बारदानाची पोती गुंडाळली. मुळं पांढरी झाली. मला किती आनंद झाला होता, हे मी तिला सांगितलं नाही. वहीत मात्र लिहिलं, तारीख आणि तापमान टाकून.

मे महिना आम्ही नुसती पालक कशीबशी जगवली. जून अर्धा सरल्यावर मी लेट्यूसची नवी रोपं काढली आणि आई म्हणाली, "लावते मी. हातच तं हायेत ना अजून चांगले."

मला हेच हवं होतं. ती पहिल्या पाइपाशी उभी राहिली, पदर खोचला आणि जशी बांधीत लावते तशी लावायला लागली. डाव्या हातात रोपं, उजव्या हाताच्या तीन बोटांत चिमूट. एका पेल्यात तीन रोपं. पुढच्या पेल्यात तीन. मी बघेपर्यंत तिची अर्धी ओळ झाली होती.

"मम्मी, यात एकच लागतं."

"एकच?" ती थांबली नाही. "अन् ते मेलं तं?"

"नाही मरत."

"तुले काय माहीत. रोवणीत एकटं रोप कोणी लावत नाही, बाई. एक खेकड्याचं, एक पाण्याचं, एक आपलं." आणि पुढच्या पेल्यात तीन.

बांधीत ते खरं होतं. खेकडे कोवळी रोपं खुडतात, जास्तीचं पाणी रोपं वाहून नेतं, मग जे उरतं ते धान. पण इथे खेकडे नव्हते. तीन लावली की तिन्ही जगतात, आणि तिन्ही लहान राहतात. हॉटेलवाले एवढासा गड्डा घेत नाहीत. एवढंच सांगायचं होतं. तीन वाक्यं, फार तर चार. पण ती इतकी भराभर लावत होती, आणि गेल्या वर्षाच्या काट्यानंतर मी तिला तशी पहिल्यांदाच बघत होते. खांदे सैल, तोंडानं काहीतरी गुणगुणणं. मी मनाशी म्हटलं, नंतर सांगू.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठून मी प्रत्येक पेल्यातली दोन-दोन रोपं उपटली. बादलीत घातली, कुडावरून पलीकडे टाकली. बाबा चहा पीत होते. त्यांना वाटलं मी पाण्याचं माप घेते आहे. आईला तेव्हा गोळ्यांमुळे सकाळी उशिरा जाग यायची.

ती आली. ओळीकडे बघत थोडा वेळ उभी राहिली.

"इथंही खेकडे हायेत का वो?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. ती हसतच विचारत होती. मीही हसून म्हटलं असतं, मीच तो खेकडा, तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला असता आणि तिथेच ते संपलं असतं.

मी म्हटलं, "काही वाळून गेली असतील."

"पाहा," ती म्हणाली. "म्हणून तीन लावा लागते."

असे तीन आठवडे गेले. दर दोन-तीन दिवसांनी नवी रोपं तयार व्हायची. ती तीन लावायची, मी पहाटे दोन काढायची. बियाणं तिप्पट लागत होतं, तेही मी तिप्पट पेरत होते, म्हणजे तिला रोपं कमी पडू नयेत. आता लिहिताना हे वेड्यासारखं वाटतं. तेव्हा मला ते प्रेम वाटत होतं. मला वाटायचं, मी तिचं मन जपते आहे. गटातल्या बाया संध्याकाळी बघायला आल्या की ती त्यांना ओळी दाखवायची. "माह्या हातचं हाय. उभ्यानं रोवणी. पायाले चिखल नाही लागत." बाया कमरेवर हात ठेवून तिच्यासारखं उभं राहून बघायच्या. एकीनं तर विचारलं, "माह्यासाठी बनवून देते का असं टेबल, मॅडम?" आई माझ्या वतीनं हो म्हणाली.

जुलैत रोवण्या सुरू झाल्या. तलावाखालच्या बांध्या चिखलून तयार होत्या. एका दुपारी आई पाइपांशी उभी राहून लावत होती, मी बाजूला टाकीत खत मोजायचं मीटर बुडवून बसले होते, आणि मावशी आत आली. तिला आईला चिडवायचं होतं.

"काऊन वो, उद्या येते का? टोकाले कोणी नाही आमच्या. नवी बाई बसवली, ते अशी सरकते जशी वरातीत चालून राहिली."

"मी कायची येते," आई म्हणाली. "डॉक्टरनं बंद केलं ना."

"तं मी कोठं ये म्हणते. विचारलं फक्त." मग मावशी माझ्याकडे वळली. "अन् बाई, आज सकाळी पाला टाकला नाही तू? माही बकरी कुडाशी उभी राहून ओरडून राहिली. सवय लागली तिले त्या कवळ्या रोपांची."

आईचा हात थांबला. "कोणते रोपं?"

"हेच ना. सकाळी सकाळी टाकते तुही पोरगी कुडावरून. मले वाटलं तूच सांगितलं असन."

मीटर माझ्या हातात होतं. आकडा हलत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले. आईनं पाइपांवरून नजर फिरवली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. सगळीकडे एकेक रोप, आणि आत्ता तिच्या हाताखालच्या सात पेल्यांत तीन-तीन.

"खेकडे," ती म्हणाली.

एवढंच. तिनं हातातली रोपं ट्रेमध्ये ठेवली, त्यांच्यावर ओलं फडकं टाकलं आणि हात धुवायला गेली. मावशीला काही कळलं नाही. ती थोडा वेळ माझ्याशी बकरीबद्दल बोलत राहिली.

त्या संध्याकाळी आईनं स्वयंपाक केला, बाबांना वाढलं, मला वाढलं. "मीठ बरोबर हाय ना?" असं विचारलं. मी मान हलवली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी मी उठले तेव्हा तिचं अंथरूण घडी घातलेलं होतं. दोरीवर तिची जुनी, चिखलाच्या डागांची साडी टांगलेली असायची, ती नव्हती. बाबा गाडी काढत होते. म्हणाले, "गेली ते मावशीसंगं. मी म्हटलं, पोरीचं ऐक ना. तं म्हणे, पोरीचंच ऐकून राहिली." त्यांना अर्थ कळला नव्हता. ते मिलला गेले.

मी हिवाळ्यात तिच्यासाठी गमबूट आणून ठेवले होते, तिनं कधी घातले नव्हते. "चिखल बूट ओढून घेते अन् बाई तोंडावर पडते," असं ती म्हणायची. ते घेऊन मी तलावाखाली गेले. धुऱ्यावर, बांधीच्या काठावर, बायांच्या चपला ओळीनं काढून ठेवल्या होत्या, त्यात तिच्याही होत्या, नीट, पट्टे आत दुमडून. बांधीत त्यांची ओळ माझ्याकडे पाठ करून मागे मागे येत होती. ती टोकाला होती. पोटऱ्यांपर्यंत पाय चिखलात. हात पाण्यात बुडायचा, निघायचा, बुडायचा. बाकीच्या तिच्यामागे ओढल्यासारख्या येत होत्या.

मावशीनं मला बघितलं. "मॅडम आली वो. आता इंग्रजीत रोवा सगळ्या."

सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "बूट कोणासाठी, बकरीसाठी का?" आणि अजून हसल्या. म्हणजे बकरीची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. आई हसली नाही, वळलीही नाही. वाकलेलीच म्हणाली, "जाय घरी. ऊन लागन तुले."

माझ्याजवळ वाक्य होतं. रस्ताभर घोकत आले होते. मम्मी, चुकलं माझं, चल. तिच्या बोलीत सांगायचं ठरवलं होतं, चुकली मी, चाल ना वो. ओळ मागे सरकत माझ्यापासून हातभर अंतरावर आली. मी वाकले असते तर माझा हात तिच्या पाठीला लागला असता. मी गमबूट तिच्या चपलांशेजारी ठेवले आणि परत आले.

ती पाच दिवस गेली. संध्याकाळी यायची, पाय धुवायची, मी तळवे बघायला गेले की पदर ओढून म्हणायची, "पाहिले मी. काही नाही." पाचव्या दिवशी पडवीत तिच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले. डाव्या पावलाच्या ठशात मधोमध तांबडं होतं. मी तिला खाली बसवलं. शिंपलीच्या काठानं टाचेपासून चवड्यापर्यंत चिरलं होतं, आत चिखल भरला होता, आणि जखम त्याच दिवसाची नव्हती.

"दुखत तं नाही," ती म्हणाली. "मंग कायची जखम."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप चढला. भंडारा, मग नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी बाबांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय ठेवला तर माणूस राहणार नाही. डावा पाय गुडघ्याखाली गेला. बाबांनी सही केली. शुद्धीवर आल्यावर तिनं चादरीकडे बघितलं. मग बाबांना विचारलं, "रोवण्या झाल्या का सगळ्या?"

मावशी बसनं बघायला आली होती. ती कॉटच्या कडेला बसून रडत राहिली, "मीच विचारलं होतं, मीच," असं म्हणत. आईच तिची समजूत घालत होती. मी भिंतीशी उभी होते. मावशीनं कोणता दोष स्वतःवर घेतला आहे आणि तो कुणाचा आहे, हे त्या खोलीत दोघींना माहीत होतं. एक मी.

मधे एकदा कपडे न्यायला घरी आले. वाडीत गेले. वीज जाऊन पंप कधी बंद पडला होता कुणास ठाऊक. पाइप कोरडे, रोपं काळी पडून पेल्यांना चिकटलेली. सगळ्यात शेवटच्या पाइपाच्या टोकाला, बारदानाच्या आड, एक पेला माझ्या नजरेतून कधीतरी सुटला होता. त्यात तीन रोपं होती. दाटीवाटीनं, पानं लहान, पण हिरवी. मी पेला उचलला. तिन्हींची मुळं एकमेकांत गुंतून एकच जाड झुबका झाला होता, वेगळं करता येत नव्हतं. याचं कारण मला माहीत आहे. त्या टोकाला पाइपाचा उतार संपतो आणि तिथे बोटभर पाणी साचून राहतं. तिथे एकच रोप असतं तरी जगलं असतं. मी स्वतःला हे बऱ्याचदा समजावलं. पेला मात्र माझ्याच्यानं ठेववेना. तो हातात धरून मी वाडीतच बसले, बस चुकली.

आई घरी आली तेव्हा धान निसवून लोंब्या बाहेर पडत होत्या. ती खुर्चीत बसून वाडीच्या दाराशी यायची. टेबल तिच्या उभ्या उंचीचं होतं, बसल्यावर पाइप तिच्या खांद्याशी येत. तिनं एकदा हात वर करून बघितला आणि खाली घेतला. पुढच्या रविवारी बाबांनी हॅक्सॉ आणला. स्टँड आडवा पाडून त्याचे पाय कापले. आम्ही तिघंही तिथेच होतो. लोखंड कापायला फार वेळ लागतो. आवाज होत होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

मी नवी रोपं तयार केली होती. पूर्वीसारखीच तिप्पट. ट्रे तिच्या मांडीवर ठेवला आणि या वेळी बोलले. जोरात, आवाज फाटला तरी.

"मम्मी, तीन-तीन लाव. तुझ्या पद्धतीनं. मला तसंच हवं आहे."

तिनं रोपं डाव्या हातात घेतली. उजव्या हाताच्या बोटांनी एक वेगळं केलं, त्याची मुळं सरळ केली आणि पेल्यात बसवलं. पुढच्या पेल्यात एक.

"मम्मी, तीन."

"नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तुह्या पाण्यात एकच लागते. खेकडे नाहीत ना इथं."

ती सावकाश लावत गेली. एक. एक. एक. मी शेडमध्ये वर्षभर कुणाला इतकं नेमकं लावताना पाहिलं नव्हतं. मधेच तिनं विचारलं, "बरोबर हाय ना?" शाळेतली मुलं बाईंना विचारतात तसं.

मी हो म्हटलं.

ओळ संपली तेव्हा ट्रेमध्ये दोन वाटे रोपं उरली होती. तिनं त्यांची पेंडी बांधतात तशी जुडी केली, मुळांना ओलं फडकं गुंडाळलं आणि ट्रे माझ्याकडे दिला.

"हे मावशीकडे देऊन ये," ती म्हणाली. "बकरी वाट पाहत असन."